सही नसलेला आरोप

पवनार हे गाव बाहेरच्या जगाला विनोबांचे गाव म्हणून ठाऊक आहे. धाम नदीचा काठ, परमधाम आश्रम, ब्रह्मविद्या मंदिर एवढे पाहून पाहुणे पुढे सेवाग्रामला जातात. गावात राहणाऱ्या माणसाला मात्र आपल्या गावाचे आणखी एक भाग्य माहीत असते. दुखले-खुपले तर फार लांब जावे लागत नाही. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे आणि डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सुरू केलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावंगी (मेघे) येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्ध्यात सरकारी सामान्य रुग्णालय आहे, आणि खासगी दवाखान्यांची तर रांगच आहे. एका तालुक्यात दोन मेडिकल कॉलेजे, हे सुख महाराष्ट्रातल्या फार थोड्या खेड्यांच्या वाट्याला आले आहे.

आणि तरीही, राज्यात सगळीकडे झाले आहे तसेच, या परिसरातही डॉक्टरांविषयी बोलताना लोकांचा सूर बदलला आहे. पूर्वी पारावरची मंडळी डॉक्टरांना नावे ठेवीत नसत असे नाही. ‘त्याच्या हाताले गुण नाही’ असा शेरा मारून मोकळी होत. पण तो शेरा पारापुरता राही, आणि मारणारा कोण हे ऐकणाऱ्याला समोर दिसत असे. त्याचा स्वभाव, त्याचे जुने भांडण, दवाखान्यातली त्याची उधारी हे सगळे ठाऊक असल्यामुळे त्या शेऱ्याला किती किंमत द्यायची हेही कळत असे. आता शेरा मोबाइलवर येतो. ‘अमुक दवाखान्यात चुकीचे इंजेक्शन देऊन पेशंट मारला. डॉक्टर फरार. प्रत्येक ग्रुपवर टाका.’ खाली रडणाऱ्या बाईचा व्हिडिओ. तारीख नाही, लिहिणाऱ्याचे नाव नाही, पेशंटला काय झाले होते याचा पत्ता नाही. कधी कधी तर दुसऱ्याच जिल्ह्यातला, जुना व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरतो. संध्याकाळपर्यंत तो शेकडो घरांत पोचलेला असतो, आणि त्या डॉक्टरचा निकाल लागलेला असतो.

अशा आरोपांचे करायचे काय? याची दोन सोपी उत्तरे ऐकू येतात. डॉक्टर मंडळी म्हणतात, या सगळ्या अफवा आहेत, लोकांना पैसे बुडवायचे असतात. लोक म्हणतात, धूर आहे तेथे आग असणारच, डॉक्टर एकमेकांना सांभाळून घेतात. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच दोन्ही घातक आहेत. आरोप करणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्याबद्दल शंका नको. पण आरोपाला नाव, तारीख आणि उत्तर देण्याची जागा नसेल तर रुग्णाला न्याय मिळत नाही, दोषी डॉक्टर गोंगाटात सुटून जातो, आणि सगळ्याची किंमत मोजतो तो पुढचा रुग्ण, ज्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नसतो.

आधी खऱ्या आरोपांविषयी

डॉक्टरांवरचे आरोप खरे असूच शकत नाहीत, असे वर्धा जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. जानेवारी २०२२ मध्ये आर्वीतल्या एका खासगी रुग्णालयाच्या आवारातल्या बायोगॅसच्या खड्ड्यातून पोलिसांनी अर्भकांच्या ११ कवट्या आणि ५४ हाडे बाहेर काढली. सगळा जिल्हा हादरला. पण ही गोष्ट उजेडात कशी आली हे पुष्कळांच्या लक्षात राहिलेले नाही. एका अल्पवयीन मुलीच्या बेकायदा गर्भपाताची तक्रार तिच्या घरच्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन दिली. तक्रार नोंदली गेली म्हणून तपास झाला, तपास झाला म्हणून खड्डा उपसला गेला, आणि जे सापडले ते पंचनाम्यात आले. गुन्हेगार कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण समजा, त्या घरच्यांनी पोलिसांकडे न जाता एक संतप्त मजकूर मोबाइलवर टाकला असता. दोन दिवस गाव पेटले असते, दवाखान्याच्या काचा फुटल्या असत्या, आणि त्या गडबडीत तो खड्डा रिकामा करायला कोणालाही सवड मिळाली असती.

दुसरे उदाहरण जुने आहे. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या सरकारी रुग्णालयात एका बाईचे बाळंतपण झाले आणि पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. तिला ताप भरला, पोटात दुखू लागले. काही दिवसांनी पुन्हा पोट उघडले तेव्हा आत राहिलेला टॉवेल सापडला. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आहे.

या निकालातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, सरकारी रुग्णालय असो की आणखी कोणी, कागद आणि पुरावा असेल तर सामान्य माणूस जिंकू शकतो. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. न्याय मिळायला ३३ वर्षे लागली. पोटात राहिलेल्या टॉवेलचा निर्णय करायला एवढा काळ लागत असेल, तर ज्याची बायको काल गेली त्याने कोणत्या भरवशावर वाट पाहायची? मोबाइलवरचा आरोप हा पुष्कळदा बंद दारावर मारलेला धक्का असतो. दार वेळेवर उघडत नाही तोवर धक्के मारणाऱ्याला नुसते शहाणपण शिकवून भागणार नाही.

पुण्याचे प्रकरण

या सगळ्या गोष्टी एकाच वेळी पाहायच्या असतील तर २०२५ च्या एप्रिलमधले पुण्याचे प्रकरण आठवावे. जुळी बाळे पोटात असलेल्या एका महिलेला मार्चअखेरीस दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात नेले. दहा लाख रुपये अनामत मागितल्यामुळे उपचारांना उशीर झाला, असा नातेवाइकांचा आरोप होता. तिला दुसरीकडे न्यावे लागले, बाळे जन्मली, आणि आई दगावली. बातमी फुटली, आणि मोबाइलच्या पडद्यावर एका दिवसात सगळ्या महाराष्ट्राने निकाल देऊन टाकला. ४ एप्रिलला रुग्णालयात आंदोलक घुसले, चिल्लर फेकली गेली, फलकाला काळे फासले गेले. तेवढ्यावर भागले नाही. संबंधित डॉक्टरांच्या कुटुंबीयांच्या वेगळ्याच रुग्णालयात जाऊन तोडफोड झाली. तेथल्या रुग्णांनी काय केले होते, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही.

रुग्णालयाने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. अंतर्गत चौकशीचा अहवाल बाहेर आला, आणि त्यात त्या महिलेच्या पूर्वीच्या उपचारांची खासगी माहिती होती. राज्य महिला आयोगाने यावर आक्षेप घेतला आणि तो रास्तच होता. रुग्णाने डॉक्टरला विश्वासाने सांगितलेली गोष्ट स्वतःच्या बचावासाठी चव्हाट्यावर आणायची नसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरला याबाबत बांधून टाकले आहे. येथेच पडद्यावरच्या आरोपाची मूळ अडचण कळते. आरोप करणारा सगळे बोलू शकतो. डॉक्टर बोलला तर गुपित फुटते, आणि गप्प राहिला तर गुन्हा कबूल केल्यासारखे दिसते. चौकशी समितीपुढे केसपेपर ठेवता येतो, शपथेवर बोलता येते. चौकात नाही.

पुण्याच्या प्रकरणात खरे काही हाती लागले ते चौकशीतूनच. आधी आरोप दिशाभूल करणारा आहे असे सांगणाऱ्या रुग्णालयाला, दहा लाखांचा आकडा कागदावर लिहिला गेला होता हे काही दिवसांतच मान्य करावे लागले. शासनाच्या समितीने नियमभंगावर बोट ठेवले. तातडीच्या रुग्णाकडून यापुढे अनामत घेणार नाही, असे रुग्णालयाने जाहीर केले. पोलिसांनी वैद्यकीय समितीचे मत घेऊन मगच संबंधित डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. लोकांचा क्षोभ झाला नसता तर समित्या इतक्या लगबगीने बसल्या नसत्या, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण अनामत थांबवली ती कागदावरच्या आकड्याने. फेकलेल्या चिल्लरीने किंवा फुटलेल्या काचेने थांबवली नाही.

‘सुई दिली आणि गेला’

आता जे आरोप चौकशीच्या पायरीपर्यंत कधी जातच नाहीत, त्यांच्याकडे वळू. त्यांतला मोठा भाग खोटेपणातून येत नाही. तो न समजण्यातून आणि दुःखातून येतो. पावसाळ्यात सोयाबीन-कपाशीच्या शेतात साप चावतो. माणूस आधी मांत्रिकाकडे जातो, मग दवाखान्यात येतो. सापाच्या विषावरचे औषध शिरेतून द्यावे लागते, आणि काही रुग्णांच्या शरीराला त्या औषधाचीच तीव्र रिअॅक्शन येते. थंडी वाजते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरला हे ठाऊक असते. औषध न दिले तर मरण जवळजवळ निश्चित, दिले तर थोडा धोका, असा तो हिशेब असतो. दाराशी उभ्या असलेल्या भावाला एवढेच दिसते की सुई देईपर्यंत माणूस बोलत होता. ‘सुई दिली आणि गेला.’ हे वाक्य खोटे नाही. पण ‘सुईने गेला’ हे त्याचे पुढचे वाक्य खरे असेलच असे नाही.

कीटकनाशकाच्या विषबाधेचेही तसेच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विदर्भ विसरलेला नाही. अशा रुग्णाला अॅट्रोपिन हे औषध भरपूर प्रमाणात द्यावे लागते. त्याने तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, माणूस बरळू लागतो, खाटेवरून उठून पळू पाहतो. मग ‘डॉक्टरनं चांगल्या माणसाले येडं केलं’ असा बोभाटा होतो. वस्तुतः औषध लागू पडत असल्याच्या त्यातल्या काही खुणा असतात. व्हेंटिलेटरविषयीचा संशय तर घरोघरी आहे. २०१५ सालच्या ‘गब्बर इज बॅक’ या हिंदी चित्रपटात मेलेल्या माणसावर उपचार करून बिल लावणाऱ्या रुग्णालयाचा प्रसंग आहे. तो पाहिलेल्या माणसाला यंत्राने हलणारी छाती दिसली की चित्रपट आठवतो. पैशासाठी रुग्णाला अडकवून ठेवणारी रुग्णालये नाहीत असे नव्हे. पण यंत्र चालू आहे एवढ्यावरून कोणती गोष्ट कोठे आहे ते बाहेरून ओळखता येत नाही.

यात डॉक्टरांचा दोष नाही काय? आहे, आणि मोठा आहे. सुई देण्यापूर्वी भावाला बाजूला घेऊन, ‘याने असे असे होऊ शकते, तरी द्यावी लागेल’, एवढे त्याच्या भाषेत सांगायला दोन मिनिटे लागतात. संमतीच्या कागदावर ‘येथे सही करा’ एवढे म्हणून ती दोन मिनिटे वाचवली जातात, आणि पुढे वर्षानुवर्षे त्याची परतफेड करावी लागते. कोरोनाच्या काळात, २०२० साली, ‘प्रत्येक पेशंटमागे दवाखान्याला दीड लाख मिळतात’ असा मजकूर गावोगाव फिरला. तो खोटा होता. पण नातेवाइकांना आत जाता येत नव्हते, आतून कोणी नीट सांगत नव्हते, आणि शव बांधूनच हाती येत होते. जेथे माहितीची जागा रिकामी राहते, तेथे अफवा वस्तीला येते.

जमाव कोणाच्या दारात जातो

अशा आरोपाला पाय फुटले की तो कोठे जाईल याचा नेम नसतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. जमावाने तोडफोड केली ती तिच्या काकांच्या अस्थिरोग रुग्णालयाची. त्यांनी एक अक्षरही लिहिले नव्हते. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. ते योग्यच झाले. डॉक्टरवर टीका करणाऱ्याला पोलिसांनी उचलून न्यावे, हा आपल्या प्रश्नावरचा उपाय नव्हे. पण बोलण्याचे स्वातंत्र्य आले म्हणून बोलण्याची जबाबदारी संपली, असेही त्या निकालाने म्हटलेले नाही. बदनामीचा कायदा तेव्हाही होता आणि आजही आहे.

नांदेडचे दृश्य अधिक खिन्न करणारे होते. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी तेथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात अर्भके होती. दुसऱ्या दिवशी आकडा ३१ वर गेला. हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील रुग्णालयात आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. ते चित्रण घरोघरी पाहिले गेले. पाहणाऱ्यांना बरे वाटले असेल, कोणाला तरी शिक्षा झाली. पण त्या झाडूने औषधांचा पुरवठा वाढला नाही, रिकाम्या जागा भरल्या नाहीत. लगतच्या जिल्ह्यांतून, अगदी तेलंगणातूनही, शेवटच्या घटकेला येणारे रुग्ण कमी झाले नाहीत. पुढे खासदारांवर गुन्हा नोंदला गेला आणि अधिष्ठात्यांवरही. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्याला अडचणीचे प्रश्न विचारले, रिकाम्या पदांचे आणि तरतुदीचे. म्हणजे खरा प्रश्न पुन्हा न्यायालयातच विचारला गेला. पडद्याने एक चेहरा हेरला, आणि ज्यांनी उत्तर द्यायचे ते चेहऱ्यामागे दिसेनासे झाले.

आणि राजस्थानातल्या लालसोटची ती स्त्रीरोगतज्ज्ञ. मार्च २०२२ मध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने तिची एक रुग्ण दगावली. शव रुग्णालयापुढे ठेवून जमाव बसला, पोलिसांनी दबावाखाली थेट खुनाचा गुन्हा लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरने आपले जीवन संपवले. स्वतंत्र डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय निष्काळजीपणाच्या फौजदारी तक्रारीत पुढे जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘जेकब मॅथ्यू’ खटल्यात २००५ सालीच सांगून ठेवले होते. सतरा वर्षांनंतरही एका पोलीस ठाण्यापर्यंत ते पोचले नव्हते.

महाराष्ट्रात रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० सालापासून स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र गुन्हा, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. कायदा कडक आहे, तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका तरुण निवासी डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले.

आता पुढच्या रुग्णाचा विचार करा. रात्रीचे दोन वाजले आहेत, बाळंतपण अडले आहे, रक्त जाते आहे. लहान गावातल्या डॉक्टरपुढे दोन वाटा असतात. हात घालायचा आणि वाचवायचा प्रयत्न करायचा, किंवा ‘नागपूरला मेडिकलला न्या’ असे लिहून चिठ्ठी द्यायची. पहिल्या वाटेवर पेशंट वाचला तर पेढे, दगावला तर व्हिडिओ. दुसऱ्या वाटेवर पेशंट वाटेतच दगावला तरी दोष अॅम्ब्युलन्सला आणि नशिबाला. ज्याने चार सहकाऱ्यांची गत पाहिली आहे त्याने दुसरी वाट धरली, तर त्याला भित्रा म्हणता येईल, पण त्याला भित्रे केले कोणी? खोटा आरोप एका डॉक्टरला लागतो, आणि त्याचे घाव वर्षभर अनोळखी बायाबापड्या सोसतात. त्यांचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

बँकेतला एक जुना नियम

माझे आयुष्य बँकेत गेले. बँक आणि दवाखाना ही दोन्ही विश्वासावर चालणारी दुकाने आहेत. एप्रिल २००३ मध्ये गुजरातेत आयसीआयसीआय बँकेविषयी अफवा उठली आणि लोक पैसे काढायला रांगा लावून उभे राहिले. बँक धडधाकट होती. पण सगळ्यांनी एकाच दिवशी संशय घेतला तर धडधाकट बँकही कोलमडू शकते, आणि मग अफवा स्वतःला खरी करून घेते. डॉक्टरचेही तसेच होते. सगळ्यांनी संशय घेतला की तो धोका पत्करणे सोडतो, चाचण्या वाढवतो, चिठ्ठी लिहून मोकळा होतो. मग आपण म्हणतो, पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?

शाखेत निनावी पत्रे येत. अमुक अधिकारी कर्जामागे पैसे खातो, तमुक कॅशियरचा हात लांब आहे. त्यांतली काही खरीही असत. पण सही नसलेल्या पत्रावर माणसाची नोकरी टांगायची नाही हा शिरस्ता होता. केंद्रीय दक्षता आयोगाने तर १९९९ साली आदेशच काढला की निनावी आणि खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करू नये. कारण साधे आहे. सही करणारा माणूस दोनदा विचार करतो, त्याला पुढे प्रश्न विचारता येतो, आणि तक्रार खोटी निघाली तर तो जबाबदार राहतो. बँकेत आणखी एक सोय असते. ज्या नोंदीचा मेळ अजून लागलेला नाही ती ‘सस्पेन्स’ खात्यात ठेवतात. ती कोणाच्या नावे टाकत नाहीत आणि फाडूनही टाकत नाहीत. मात्र ती तेथे कायमची पडू देत नाहीत. ठरावीक मुदतीत तिचा छडा लावावाच लागतो. मोबाइलवर आलेल्या आरोपाला वाचकाने असेच वागवावे. खरा मानू नये, खोटाही म्हणू नये, आणि पुढे तर मुळीच पाठवू नये. छडा लावायचे काम मात्र ज्यांचे आहे त्यांनी मुदतीत केलेच पाहिजे.

गांधीजींची सही

सेवाग्रामच्या परिसरात गांधीजींचे उदाहरण देणे सोपे असते, पण हे उदाहरण विषयाला नेमके लागू आहे. डॉक्टरांवर गांधीजींइतकी कठोर टीका क्वचितच कोणी केली असेल. ‘हिंद स्वराज्य’ या १९०९ सालच्या पुस्तकात त्यांनी या व्यवसायाला धारेवर धरले. ते लिहिले आपल्या नावाने, आणि पुढे वादही आपल्या नावानेच घातला. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अॅपेंडिसायटिस झाला आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवावे लागले. शस्त्रक्रिया करणारे होते कर्नल मॅडॉक, सरकारी इंग्रज सर्जन. कैदी देशाचा नेता. काही बरेवाईट झाले असते तर ‘सरकारने मारले’ ही अफवा रातोरात देशभर गेली असती, आणि किती डोकी फुटली असती याची कल्पना करवत नाही.

हे ओळखून श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेण्यात आले. एक निवेदन तयार झाले. शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, डॉक्टरांनी आपली उत्तम काळजी घेतली आहे, अशा आशयाच्या त्या कागदावर गांधीजींनी थरथरत्या हाताने सही केली. मग शस्त्रक्रिया झाली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. शत्रुपक्षाच्या डॉक्टरवर रुग्णाने ठेवलेला हा विश्वास आंधळा नव्हता. पूर्ण माहिती घेऊन, साक्षीदारासमोर, कागदावर दिलेला तो विश्वास होता. डॉक्टरवर कडक टीका करायची असो की डॉक्टरच्या हाती जीव द्यायचा असो, दोन्ही वेळा त्या माणसाने सही केली.

मग करायचे काय

ज्याच्या घरी दुर्घटना घडली त्याने आरोप गिळावा, असे कोणी सांगू नये. त्याने तो अशा ठिकाणी न्यावा जेथे उत्तर द्यावेच लागते. पहिले पाऊल केसपेपरचे. रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने लेखी मागणी केली की ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असे २००२ च्या नियमावलीत आहे. अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. महाराष्ट्राने २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली. ती भिंतीवर लावलेली असली पाहिजे, आणि तक्रार निवारणाची सोय स्थानिक यंत्रणेकडे असली पाहिजे. पैसे देऊन घेतलेल्या उपचारांसाठी, १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून, ग्राहक न्यायालयाचा रस्ता खुला आहे. तेथे दोन वर्षांच्या आत जावे लागते. डॉक्टरच्या आचरणाविषयी महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. मृत्यू संशयास्पद असेल तर शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. दुःखाच्या भरात तो नकोसा वाटतो, पण नंतर कोणत्याही व्हिडिओपेक्षा तो एक कागद अधिक बोलतो.

आणि डॉक्टरांनी? तक्रारीची वही काउंटरखाली न ठेवता वर ठेवावी. बिलात काय कशाचे ते लिहावे. केसपेपर मागणाऱ्याकडे शत्रू म्हणून पाहू नये. ज्याला मागितल्याबरोबर कागद मिळतो त्याला मोबाइलची गरज फारशी उरत नाही. सगळ्यांत महत्त्वाचे, आपल्यातला कोण चुकतो हे व्यवसायातल्यांना सर्वांत आधी कळते. त्यांनी तोंड बंद ठेवले की लोकांना वाटते सगळेच तसे असतील, आणि सरळमार्गी डॉक्टर दुसऱ्याच्या वाटणीचा मार खातो. शासनाचे काम याहून सरळ आहे. परिषदेपुढची तक्रार महिन्यांत निकाली निघाली पाहिजे, वर्षांत नव्हे. मुदत ठरवा आणि ती पाळा. तेहतीस वर्षांचा न्याय समोर ठेवून लोकांना संयम शिकवता येणार नाही.

राहता राहिलो आपण, ज्यांचे कोणी दगावलेले नाही आणि ज्यांच्या हातात मोबाइल आहे. आपल्यावर कोणतीच सक्ती नाही, म्हणून आपली जबाबदारी अधिक. मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा. याखाली मी माझे नाव, पत्ता आणि सही घालून हाच मजकूर पोलीस ठाण्यात देईन का? उत्तर हो असेल तर जरूर द्यावा, मागे हटू नये. उत्तर नाही असेल तर तो आपल्यापाशीच थांबू द्यावा. आपल्या घरातलेही कोणी एखाद्या रात्री त्याच डॉक्टरच्या दारात उभे असेल, आणि त्या वेळी त्याने चिठ्ठी न लिहिता हात धुऊन पुढे व्हावे, असेच आपल्याला वाटणार आहे.